धुक्यातला पांढरा झेंडा

माझा आवाज मोठा नाही. लोकांचे कान नाजूक आहेत.

माझी मुलगी मुक्ता स्वमग्न आहे आणि वाऱ्यासारखी पळते. पण शिट्टी वाजली, की कान झाकून खाली बसते. म्हणून गेल्या वर्षी विद्यापीठाच्या शर्यतीत तिला खुर्चीवर बसवून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्या. (ती खुर्ची मी विसरलेलो नाही. निळी होती!)

यंदा मी थेट क्रीडाशिक्षकांसमोर जाऊन बसलो. कामशेतात ताडपत्र्या विकून मोठा झालोय, सौद्यात हरत नाही!

"शिट्टी बंद. झेंडा दाखवा."

"बरं."

"टाळ्या नकोत. नुसते हात हलवायचे."

"बरं. यंदा सगळ्यांना सामावून घ्यायचंच ठरलंय. पण भाऊ, मग कुणीच ओरडायचं नाही."

"कोण वरडतंय?" मी ओरडलो.

झेंडा माझ्याच दुकानातल्या कापडाचा. पांढराशुभ्र!

"पप्पा, लाल घ्या," मुक्ता म्हणाली.

"पांढराच शोभतो," मी म्हणालो.

शर्यतीच्या सकाळी लोणावळ्याच्या मैदानावर धुकं उतरलं. डोंगर गेले, झाडं गेली, गोलपोस्ट हवेत तरंगू लागला. आठ मुली जणू ढगात उभ्या. सरांनी झेंडा खाली केला असावा. (पांढऱ्यात पांढरं दिसणार कुणाला?) कुणी हलेना. सगळं मैदान गोड झोपेत असल्यासारखं. मलाही क्षणभर छान वाटलं. मग डोकं सटकलं.

"अगं, पळ की!"

सात मुली पळाल्या. मुक्ता कान झाकून खाली बसली.

"अवो," बायको दात खाऊन कुजबुजली, "शिट्टी बरी व्हती तुमच्यापरास!"

पोरीचा वर्षभराचा सराव मी तीन शब्दांत मातीत घातला होता! सरांनी सातजणींना परत बोलावलं आणि मुक्ताशेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती उठली.

"झेंडा लाल पाहिजे. आईची शाल."

"आणि पप्पांना बाहेर पाठवू?" सरांनी विचारलं.

मुक्ताने नीट विचार केला. "नको. सगळ्यांना सामावून घ्यायचं ठरलंय ना? त्यांच्या तोंडात चिक्की द्या."

लाल शाल खाली आली. मुक्ता धुक्यात शिरली, विरघळली, आणि पलीकडून तिसरी बाहेर आली! आवाज नाही. नुसते हात हलत होते, वाऱ्यावर भातखाचर डोलावं तसे.

मीही दोन्ही हात हलवले. दाढा गुळात रुतलेल्या, मांडीवर पाण्याच्या बाटल्या, आणि बुडाखाली तीच निळी खुर्ची.