बर्फाचा डोंगर आणि आमची देवराई

आमच्या आहुपे गावच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली. भूगोलात पदवी घेतली, पुण्यात नकाशांच्या कामाला लागले आणि स्वतःच्या पगारातून पेन-प्लॉटर घेतला. हे यंत्र पेन धरून कागदावर रेघा ओढतं. त्यावर पहिलं मोठं चित्र काढलं ते परदेशातल्या एका स्कीच्या डोंगराचं. एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक रेषा, एकीत एक. झाडी हिरव्या शाईत. फ्रेम करून घरी नेलं. माझ्या पदवीच्या फोटोशेजारी ते लागावं, एवढीच हौस. दादांनी, माझ्या वडिलांनी, खिळा आधीच ठोकून ठेवला होता.

"ह्ये पांढरं पट्टं कसलं?" दादांनी विचारलं.

"तिथनं लोक बर्फावर घसरत खाली येतात."

"आन् वर?"

"तारेवरच्या पाळण्यात बसून जातात."

"पाळण्यानं वर, घसरून खाली, परत वर. मग पोचायचं कुटं?"

आई पदर तोंडाला लावून हसली. दादांचं बोट मात्र पट्ट्यावरच होतं. "हितली झाडं?"

"तोडली."

चटका बसावा तसा त्यांनी हात मागं घेतला. आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. "घसराया? नुसतं घसराया? न्हाई बाय, ह्ये माझ्या भिंतीला नको."

इतके दिवस ते चित्र मी ज्याला-त्याला दाखवलं होतं. पांढरं म्हणजे बर्फ, एवढंच मला दिसलं होतं.

"मग आपलाच डोंगर काढते," मी चिडून म्हणाले.

"काढ की. पर देवराईत जाऊ नको."

"अहो दादा, कागदावर!"

"त्या पेनाच्या टोकाला लोखंड हाय का?"

होतं. देवराईत लोखंड न्यायचं नाही, शिरताना कोयता बाहेर ठेवायचा, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण कागदावरही?

पुण्यात आमचा डोंगर काढायला घेतला. देवराईच्या कडेला आलं की यंत्र पेन उचलायचं, पलीकडे जाऊन टेकवायचं. मधे कोरा कागद. स्कीच्या त्या पट्ट्यांइतकाच पांढरा.

आमचा डोंगर आता घरी त्याच खिळ्यावर आहे. स्कीचा डोंगर माझ्या पुण्याच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

"मधी शाई संपली का काय?" आलेले पावणे विचारतात.

"तिथं झाडी हाय," दादा सांगतात.