आई गेल्याची गोष्ट

हिंगणघाटच्या एका कॉलेजातल्या सरांचा फोन आला तेव्हा मी आईला पेज भरवत होते. नवोदित कथालेखकांची कार्यशाळा आहे, तुम्हाला यायला जमत नसेल तर निदान उपयोगी पडतील असे चार मुद्दे लिहून पाठवा, म्हणाले. मुलं फार उत्सुक आहेत. वेळेवर जेवा आणि नोकरी बघा म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सर सज्जन, त्यांनी माझं पुस्तक चक्क विकत घेऊन वाचलेलं. हो म्हटलं.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी आईला घरी न्यायला सांगून आठवडाही झाला नव्हता. 'घरी न्या, मागतील ते खायला द्या.' या वाक्याचा अर्थ आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आईलाही लागला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आता काय मांगू खायले, तूच सांग." आणि लगेच हुकूम सोडला, की नात्यात कोणाला कळू द्यायचं नाही. "जित्या मानसाच्या खाटेपाशी बसून टुकुटुकु पाहतात लोक, मले नाई आवडत." म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, की अशक्तपणा होता, सलाईन लावली, आता बरी आहे.

तर मुद्दे. खाटेशी बसून मोबाइलवर लिहायला लागले. पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे, नाहीतर कथा जागची हलत नाही. विशेषणं कापा, वांग्याला टवटवीत म्हणण्यापेक्षा त्याच्या देठाचा काटा बोटात जाऊ द्या. इथवर भरभर झालं. मग लिहिलं, स्वतःच्या जिवंत माणसाला 'मी'च्या कथेत मारू नका. आणि हात थांबला.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कथा आली होती. पहिलं वाक्य होतं, 'आई गेली त्या सकाळी वांगी तोडायला वावरात कोणीच नव्हतं.' या वाक्यावर मी भारी खूश होते. चुलतभावाला माझा अभिमान, त्याने पहिल्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. फक्त पहिल्या पानाचा, वर माझं नाव आणि फोटो. लोकांनी एक ओळ वाचली आणि हात जोडले. भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. माझा फोन आत चार्जिंगला, मला पत्ताच नाही. समुद्रपूरची मावशी मिळेल त्या बसने निघाली, हिंगणीचे मामा जीप करून आले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन हजर. मावशीने तर आमच्या अल्लीपूरच्या स्टँडवरूनच हंबरडा फोडला होता.

तेवढ्यात आई वावरातून आली. डोक्यावर वांग्यांचं टोपलं, फाटकं लुगडं, केसांत धूळ.

"काऊन वं रडून राह्यली? कोन गेलं?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि होती तिथेच फतकल मारली. "तूच गेली ना वं, बाई!"

मग जे काही झालं त्यात मला मावशीकडून पोटभर शिव्या मिळाल्या. आई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. स्वतःच्या सुतकाचं पिठलं स्वतः खाल्लं आणि रडायला आलेल्यांना वांग्याची भाजी करून वाढली. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली, की त्याचं आयुष्य वाढतं. "माह्या पोरीनं माहं आयुष्य वाढवलं," असं ती भाजीबाजारात कितीतरी दिवस सांगत होती. एकाच गोष्टीची तिला रुखरुख होती. "एवढे लोक आले अन् मी अशी भुतावानी. केस तरी विंचरले असते."

"काय लिवून राह्यली वं?" खाटेवरून तिने विचारलं.

"गोष्टी कशा लिहायच्या ते. पोरांसाठी."

तिने मान माझ्याकडे वळवली. म्हणाली, "मले मार ना अजून एक डाव. तवा वाढलं होतं. आता बी वाढन."

ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. तिला जगायचं होतं. मी नवस, लिंबू-मिरची, अंगारे यांची जन्मभर थट्टा केली. त्या दुपारी कोणी सांगितलं असतं तर शेंदूर फासलेल्या कोणत्याही दगडापुढे मी लोळले असते. मी कागद घेतला.

'आई गेली' एवढं लिहिलं आणि पुढे जाता येईना. लोकांना खरं वाटलं तरच आयुष्य वाढणार, आणि खरं वाटायचं तर चांगलं लिहायला हवं. चांगल्या वाक्याची एवढी गरज मला कधीच पडली नव्हती, आणि एकही येत नव्हतं. जखम ओली असताना लिहू नका, लिहिलेलं काही आठवडे पेटीत ठेवा, मग वाचा, असं मी किती पोरांना सांगितलं. आठवडे कुठून आणू? खोडलं, लिहिलं, पुन्हा खोडलं. चीड आली, सरांची, डॉक्टरांची, या विद्येची. शेवटी एक परिच्छेद कसाबसा झाला. तो मोठ्याने वाचून दाखवला.

"पिठल्याचं टाक," आई म्हणाली. "त्याबिगर कोनाले खरं वाटन?"

पिठलं टाकलं. फोटो काढून ग्रुपवर पाठवला.

लगेच उत्तरं यायला लागली. अंगठे. टाळ्या. 'नवीन कथा! अभिनंदन ताई.' 'कोणत्या अंकात?' मावशीचा व्हॉइस मेसेज आला, "या डाव नाई फसत मी! मायले मारू मारू पुस्तकं काढतं, लाज नाई वाटत?" आणि मागून तिचं खळखळून हसणं.

एकानेही हात जोडले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मावशीला खरं सांगावं म्हणून फोन उचलला आणि तसाच ठेवला. खऱ्या बातमीने कोणाचं आयुष्य वाढत नाही.

बाहेरून आईने हाक मारली. "आलं का वं कोनी?"

डोळे पुसून मी खाटेशी गेले. "येऊन राह्यले, माय. मावशी तर लय रडली म्हणे. बसमंधी बसली."

तिचा चेहरा उजळला. दोन्ही हात टेकून उठायला लागली. मी पाठीला हात दिला.

"मंग केस विंचरून दे लवकर," ती म्हणाली. "मागच्या डाव तशीच सापडली होती."

मी फणी घेऊन तिच्या मागे बसले. केस मूठभरसुद्धा उरले नव्हते. दाराकडे तोंड करून ती ताठ बसली होती आणि मी सावकाश विंचरत होते. समुद्रपूरची बस यायला वेळ लागतो.