हिरवा बलक आणि कबरी

लग्नानंतर सासऱ्यांनी सावनेरहून चार कोंबड्या पाठवल्या. जावई नुकताच गुरांचा डॉक्टर झालाय, त्याच्याकडे सुखात राहतील, असा बिचाऱ्यांचा समज. त्यांतली कबरी बायकोची फार लाडकी. माहेरी ती हिच्यामागे विहिरीपर्यंत जायची म्हणे.

सत्तरच्या दशकातलं आमचं नागपूर. मे महिन्याच्या दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकायचं नाही. खिडकीला वाळ्याचा पडदा, खुराड्यावर गोणपाट, आणि दोन्हींवर एकाच तांब्यानं पाणी मारत फिरणारी बायको. तो ओला वास अजून नाकात आहे. एवढं करूनही कबरी चोच उघडी टाकून, पंख पसरून धापा टाकायची. खाणं सुटलं, हगवण लागली.

मी निदान केलं, प्रोटीन कमी पडतंय. गाईम्हशींना घालतात ती सरकीची ढेप, म्हणजे पेंड, आणली आणि कुटून त्यांच्या दाण्यात मिसळली. सरकी कोंबडीला सोसत नाही, हे आमच्या पुस्तकात होतं. त्या पानावर बहुधा मी झोपलो होतो.

आठवड्याभरानं सासरे आले. बायकोनं कौतुकानं घरचं अंडं उकडून कापलं, तर आत बलक शेवाळासारखा हिरवट. सासऱ्यांनी एक फोड उचलून उजेडात धरली.

"जवाईबापू, हे अंडं हाये का ढेमस?"

"मामाजी, ते जरा ढेपेमुळं..."

"कोंबडीले ढेप? मंग आता दूध बी काढता काय तिचं?"

ते हसत गावी गेले. बायको हसली नाही, कारण कबरी आता उभीही राहत नव्हती. तेव्हा कुठे मी पुस्तक नीट उघडलं. उन्हाळ्यात कोंबडीचं रक्त अंग निववायला कातडीकडे धावतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. आतलं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यात ढीगभर प्रोटीन पचवताना अंग आणखीच तापतं. हवा असतो तो प्रोटीनमधला एखादाच घटक, मेथिओनिनसारखा, तोही चिमूटभर. मी एका मित्राकडून मेथिओनिनची पांढरी पूड आणली आणि पुढची चूक केली. खरं नाव सांगितलं.

"अमिनो ॲसिड आहे."

"ॲसिड?" तिनं संडास धुवायच्या बाटलीकडे पाहिलं. "आधी ढेप, आता ॲसिड. कबरीनं तुमचं काय बिघडवलं जी?"

"अगं, हे आपल्याही पोटात असतं."

"मंग आधी तुम्ही खाऊन दाखवा."

खाल्लं. चव सडक्या कोबीची. दवाखान्यात दिवसभर असे ढेकर आले की साहेबांनी माझं टेबल व्हरांड्यात हलवलं. संध्याकाळी मी जिवंत परतलो, हे पाहून तिनं पूड स्वतः दाण्यात कालवली. ढेप बंद झाली. उन्हं चढायच्या आत, गारव्यात थोडं थोडं खाणं सुरू झालं.

एका सकाळी मी दाढी करत होतो. परसातून हाक आली.

"अहो, लवकर या. कबरीची पाहा, घट्ट झाली."

गालाला साबण तसाच ठेवून मी धावलो. दोघं खुराड्यापाशी उकिडवे बसून ती विष्ठा न्याहाळत राहिलो. वर पांढरी टोपी, निरोगी कोंबडीची असते तशी, अगदी पुस्तकातल्यासारखी. कबरी शेजारी उभी राहून हिच्या पदराला चोच मारत होती.

पुढे आम्ही ताजमहालही पाहिला. तिथे एवढा वेळ थांबलो नाही.