आधी ‘आणि’, मग ‘किंवा’

प्रोग्रामच्या भाषेत ‘आणि’चा मान ‘किंवा’च्या आधी असतो. शाळेत आम्ही ‘कंचेभागुबेव’ घोकलं होतं. आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, आणि बेरीज-वजाबाकी सगळ्यात शेवटी. दोन अधिक तीन गुणिले चार लिहिलं की उत्तर चौदा येतं. वीस हवे असतील तर दोन अधिक तीनला कंसात बसवावं लागतं. मशीनच्या प्रोग्राममध्येही तेच, ‘आणि’ गुणाकाराच्या जागी आणि ‘किंवा’ बेरजेच्या जागी. हे मला चांगलं येत होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचो, आणि कुणी कंस विसरला की चारचौघांत त्याची खेचायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माहीत नव्हतं अशी सबब मला उरणार नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मी मशीनचे प्रोग्राम लिहितो. गाड्यांच्या सीटखालच्या पत्र्याच्या पट्ट्या तिथे दाबून काढतात. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, तिथेच प्रेस चालवायचे. माझा बायोडेटा साहेबांच्या टेबलावर त्यांनीच ठेवला होता. समोरून दाजी बटणं दाबायचे आणि प्रेसच्या मागे चाचा तयार माल काढायचे. चाचा देहूरोडचे. त्यांचं वय फार नाही, पण सगळा कारखाना त्यांना चाचाच म्हणतो. दोघांची जोडी अकरा वर्षांची होती. डबाही एकच, म्हणजे दोन डबे असायचे पण कोण कुणाचा खातोय ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

प्रेसच्या मागच्या बाजूला एक जाळीचं दार आहे. पट्टी अडकली की चाचा जाळी उघडून हात घालायचे. जाळी उघडी असली की बटणं कितीही दाबा, प्रेस हलायचा नाही. मशीन मेलेलं, असं सगळे म्हणायचे. नियमाप्रमाणे दाजींनी दरवेळी मागे वाकून बघायला हवं होतं. पण अकरा वर्षं मशीनच बघत होतं, तर माणूस कशाला बघेल? दाजी दोन्ही बटणांवर हात दाबून उभे राहायचे, चाचांनी जाळी लावली की प्रेस आपोआप खाली यायचा. त्यात दोन-तीन सेकंद वाचायचे, आणि शिफ्टचं टार्गेट अशा सेकंदांवरच निघतं. साहेबांनाही हे ठाऊक होतं. मलाही होतं.

मग मोठ्या पट्टीचं काम आलं. ती दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून पायाने दाबायचं पेडल बसवलं. प्रोग्राममध्ये बदल मी केला. आधी तिथे होतं, दोन्ही बटणं आणि जाळी बंद. मी लिहिलं, दोन्ही बटणं किंवा पेडल आणि जाळी बंद. बटणं आणि पेडल यांच्याभोवती कंस टाकला नाही. मशीनने ते कायद्याने वाचलं, आधी ‘आणि’. म्हणजे जाळी बंद असायची अट एकट्या पेडलला लागली. बटणं सुटली. नुसती बटणं दाबली तरी प्रेस खाली येणार, जाळी उघडी असो की बंद.

ट्रायल गुरुवारी घेतली. आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, कारखाना रिकामा असतो, बदल करायला बरं पडतं. बटणं दाबली, प्रेस आला. पेडल दाबलं, प्रेस आला. जाळी उघडून पेडल दाबलं, प्रेस आला नाही. झालं. जाळी उघडून बटणं काही मी दाबली नाहीत. नवीन होतं ते पेडल. जुनं तर अकरा वर्षं चालतच होतं, ते कोण तपासतं? मी ट्रायलच्या कागदावर सही करून अकरा वाजता घरी रहाटणीला आलो. बायको म्हणाली, आज लवकर. मी म्हटलं, काम सोपं होतं.

नवव्या दिवशी पट्टी अडकली.

चाचांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मी वरच्या मजल्यावर होतो, खाली आलो तेव्हा त्यांना नेलं होतं. दाजी प्रेससमोर तसेच उभे होते, दोन्ही तळवे बटणांच्या वर हवेत धरून. कुणीतरी त्यांचे हात खाली केले.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला आणि ती ओळ एका नजरेत दिसली. शोधावीसुद्धा लागली नाही. मी लॅपटॉप मिटून जेवायला बसलो. बायकोने विचारलं भात वाढू का, मी म्हटलं वाढ.

चौकशीत मला एकच प्रश्न आला, ट्रायल घेतली होती का? घेतली होती, कागद आहे, मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. अहवालात आलं, मशीन चालवणाऱ्याने खात्री न करता बटण दाबले. दाजींनी त्याखाली सही केली. त्यांना ते पटलंच होतं, कारण खात्री त्यांनी खरंच केली नव्हती. प्रेस तोवर सील होता. तो पुन्हा सुरू करायच्या आधीच्या गुरुवारी मी एकटा गेलो आणि दोन कंस टाकले. एक उघडणारा, एक बंद करणारा. सुधारणेचं कारण म्हणून लिहिलं, किरकोळ.

पुढचे सहा महिने मी कामावर जात होतो, पगार घेत होतो, लोकांशी हसून बोलत होतो. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसा मी सगळाच होतो. दाजींनी प्रेस सोडला आणि स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. आम्ही एका बसने जायचो. ते खिडकीतून बाहेर बघायचे, मी मोबाइलमध्ये. चाचांकडे ते दर आठवड्याला जायचे. मी एकदाच गेलो होतो, दवाखान्यात, केळी घेऊन.

एका गुरुवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ती मिक्सरला चटणी लावत होती. दाजी आतल्या खोलीतून धावत आले.

“थांब, थांब. हात कुटं हायत सगळ्यांचे?”

“रोजचंच झालंय यांचं,” बहीण माझ्याकडे बघून म्हणाली. “पंखा लावायचा तरी हात दाखवा. मिक्सर लावायचा तरी हात दाखवा. आधी हसायचे मी.”

“पावणं, हात दाखवा,” दाजी म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. तसेच वर धरून मी त्यांना सांगितलं. तुमची चूक नव्हती, प्रोग्राम चुकला होता, माझा. बहिणीचं बोट मिक्सरच्या बटणावरच राहिलं. दाजींना ‘आणि’-‘किंवा’ समजेना, म्हणून पोळीच्या डब्याखालच्या वर्तमानपत्रावर लिहून दाखवलं, आधी कंसाशिवाय, मग कंसासकट. त्यांनी कंसावर बोट ठेवलं.

“म्हंजी जाळी उघडी असतानाबी तो खाली येणारच व्हता?”

“हो.”

“आन् तुला कवापासनं ठावं हाय?”

“त्याच दिवसापासून.”

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, “चल.” ताटं तशीच राहिली.

देहूरोडला चाचांच्या भावाचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. चाचा पुढे स्टुलावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करत होते. उजवा हात मांडीवर, त्यावर रुमाल. दाजींनी मला पुढे ढकललं. मी सगळं पुन्हा सांगितलं, वर्तमानपत्राचा तुकडा पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

“भाऊ,” ते दाजींना म्हणाले, “मतलब तू बरोबर दाबलं होतंस.”

“व्हय.”

“मी जाळी उघडली, तेव्हा मशीन मरायला पाहिजे होतं.”

“व्हय.”

“बघ. मी सांगत नव्हतो तुला? दर वेळी सांगत होतो, भाऊ, तू काय केलं नाहीस.”

दाजी तिथेच, ग्रीसने काळ्या झालेल्या फरशीवर बसले आणि रडायला लागले. चाचांनी डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि ते रडायचे थांबेपर्यंत ठेवला. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी उभा होतो.

मग चाचांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

“चौकशीच्या कागदावर भाऊचं नाव आहे ना? खोडायचं. आत्ता लिही.”

चाचांच्या भावाने दुकानातलं बिलबुक दिलं. बिलाच्या पाठीमागे मी लिहिलं, प्रोग्राममधील चूक माझी होती, मशीन चालवणाऱ्याची नव्हती. ट्रायल अपुरी घेतली. चूक मला त्याच दिवशी समजली होती. खाली नाव, तारीख, सही. हे लिहिल्यावर नोकरी राहणार नाही, हे दिसत होतं, पण तेही दुसऱ्या कुणाची तरी नोकरी असल्यासारखं.

“साक्षीला मी सही करतो,” चाचा म्हणाले.

“अंगठा चालतो, चाचा,” मी म्हणालो.

“अंगठा का? मी दहावी पास आहे.”

त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरकायला लागला, तर दाजींनी पुढे होऊन तो दोन्ही हातांनी धरला. पहिलं अक्षर रेघेच्या खाली गेलं, दुसरं फार मोठं झालं. चाचा थांबले, पेन नीट धरलं, पुन्हा सुरू केलं. पहिलीतल्या मुलासारखी त्यांची जीभ दातांत आली होती. माझी सही दोन सेकंदांत झाली होती. त्यांचं नाव सहा अक्षरांचं आहे. ते संपेपर्यंत मला दुसरीकडे बघता आलं नाही.