आडवी हातोडी

माझ्या दिराला सगळे मुक्या म्हणायचे. जीभ होती हो त्यांना, पण ज्याच्या हाताखाली ते लोहारकाम शिकले तो त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे माझा नवरा, बोलायच्या आधी मारायचा. घण जरा तिरका पडला की सांडशी पाठीत, मग ती तापलेली का असेना. मी मध्ये पडले तर मलाही तोच प्रसाद. वर ऐकवायचा, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." अरे मेल्या, आपण लोहार की पाथरवट?

भट्टीचा कायदा एकच. हातोडीवाला जिथे ठोका देईल तिथेच दुसऱ्याने घण घालायचा, आणि हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. घण डोक्यावर उचललेला असला तरी थांबायचं. त्या दणदणाटात तोंडचं कुणाला ऐकू येतंय?

शिकाऊपण केव्हाच सरलं, तरी भाऊजी भावाच्याच भट्टीत घण घालत राहिले. उस्तादाला घणावर उभं करून स्वतःच्या हातोडीने एक कुऱ्हाड घडवली की माणूस मोकळा, मग स्वतःची भट्टी. तेवढ्या आशेवर ते सगळं गिळत होते. नवरा मात्र आज-उद्या करत टाळायचा, फुकटचा घणकरी कोण सोडतो? शेवटी गल्लीतल्या लोहारांनी त्याला चारचौघांत विचारलं, तेव्हा कुठे तो घणाला उभा राहिला.

मी भात्यावर होते. कुऱ्हाड झकास उतरली. भाऊजींनी हातोडी आडवी ठेवली. नवऱ्याने ती आडवी हातोडी नीट पाहिली, आणि घण घातला. भाऊजींचा हात अजून हातोडीवरच होता.

तीन बोटांचा चेंदामेंदा झाला. नवरा म्हणाला, "आता हो उस्ताद."

भाऊजी ओरडले नाहीत. खांद्याने त्याला असं ढकललं की तो ऐरणीच्या पायाशी उताणा पडला. मग तोच घण त्यांनी डाव्या हाताने उचलला. रक्ताळलेला उजवा हात दांड्याखाली लावला आणि घण त्याच्या डोक्यावर धरला. मी किंचाळले, "भाऊजी, नको, फासावर जाल." त्यांच्या कानात काही शिरत नव्हतं.

तशीच धावले, हातोडी उचलली आणि ऐरणीवर आडवी ठेवली.

घण वरच्या वर थांबला. भाऊजींनी तो हळूच खाली टेकवला.

नवरा पडल्या पडल्या हसला. "बघ, अजून माझ्याच शिस्तीत आहे."

मी हातोडी भाऊजींच्या डाव्या हातात दिली आणि त्यांना घेऊन बाहेर पडले, ती परत त्या घरात गेले नाही. लोक काय वाटेल ते बोलतात. त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

आता भाऊजींची स्वतःची भट्टी आहे. हातोडी ते डाव्या हाताने धरतात, घण मी घालते. आडवी ठेवली की थांबते.