चालत येणारे माहेर

दिवाळी सरली, बाजरी घरात आली, की ठकुबाई रिकामे शेत खराट्याने झाडीत. निमोण्यात माझे शेत त्यांच्या बांधाला लागून. प्रथम पाहिले तेव्हा मी नवलाने विचारले, "ठकुबाई, शेत कुणी झाडतं का?" कंबर तशीच वाकलेली ठेवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझं म्हायेर येतंय. काट्यावर बसवू व्हय?"

त्यांचे माहेर खरोखरच चालत येई. सासरच्यांनी मेंढरे सोडून शेती धरली होती. धाकटे भाऊ बिरुमामा मात्र अजून कळप घेऊन हिंडत. कोकणात उतरण्यापूर्वी काही रात्री ते बहिणीच्या शेतात मेंढ्या बसवीत. लेंड्यांनी जमीन तृप्त होई आणि भावाच्या शब्दांनी बहीण.

"काय गं ठके, म्हातारी झालीस!"

"तुज्या म्हसोबावानी तोंडापरीस बरी हाय मी!"

माणसे तीर्थाला जातात. ठकुबाईंचे तीर्थ त्यांच्या दाराशी येई. "लोकांच्या लेकी मुराळ्याची वाट बघत्यात. माझ्या दारी आख्खा कळपच येतो," असे त्या दिमाखात सांगत.

पुढे मुलगा दत्तात्रय पुण्यातील नोकरी सोडून परतला. त्याने रासायनिक खते आणि औषधे बंद केली, जुने घर सारवून घेतले, गोठ्याच्या जागी, पैसे देऊन राहायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. मुलगा कष्टाळू, सज्जन. ठकुबाईही चुलीपुढे बसून शहरच्या लेकरांना मायेने भाकरी वाढीत. परंतु एका वर्षी मेंढ्या बसल्या आणि वासाला, कुत्र्यांच्या भुंकण्याला कंटाळून पाहुणे अर्ध्यातच निघून गेले. दत्तात्रय नम्रपणे म्हणाला, "मामा, पुढच्या वर्षीपासनं दुसरीकडं बसवा. शेणखत मी विकत आणीन." मामा "बरं" म्हणाले. एवढेच.

ठकुबाईंना कळले तेव्हा त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवून ठेवली. मग म्हणाल्या, "खत इकत मिळंल रं दत्ता. भाऊ कुठनं आणशील?"

"आई, मामाला मी कुठं येऊ नका म्हणलं? गाडीनं येऊ देत, राहू देत की खोलीत."

"मेंढरं टाकून धनगर कुठं येतो का, येड्या?"

पुढच्या दिवाळीनंतरही त्यांनी शेत झाडले. कळप कासुर्डीकडून परस्पर निघून गेला. त्यानंतरच्या वर्षी हाताला खराटा पेलेना. अंथरुणावरून त्या मला विचारीत, "गुरुजी, कुत्री भुकत्यात का वो?" मी "नाही" म्हणे. त्या डोळे मिटून घेत.

दत्तात्रय मामांना शोधीत निघाला. भांडगावच्या शिवारात ते भेटले. "गाडीत बसा," म्हणून त्याने विनवले. मामा म्हणाले, "कळपासकट येतो. मेंढरं बघून तिला बरं वाटंल." रात्रंदिवस त्यांनी कळप हाकला, पण मेंढराच्या पावलाने वाट किती भराभर सरणार? ते वेशीशी आले तेव्हा आम्ही नदीवरून परतत होतो.

दशक्रिया झाली. दत्तात्रयाने मामांचे पाय धरले. "मामा, मेंढ्या आईच्या शेतात बसवा. पाहुण्यांना मी येऊ नका म्हणून कळवलंय."

इतरांच्या शेतात मेंढ्या बसवल्या की धान्य ठरवून घ्यावे, हा मामांचा रिवाज. बहिणीच्या शेतातून मात्र त्यांनी कधी दाणाही उचलला नव्हता. त्यांनी भाच्याला हाताला धरून उठवले. पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

"बसवतो की," ते म्हणाले. "दाणं किती द्याल, मालक?"