नंबर भिंतीवर टाका

आमच्या दारावर पहिला नंबर पडला तेव्हा आम्ही मळ्यात राहत होतो. बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल. मोजणीची माणसं साखळी घेऊन आली. त्यांनी बांधाबांधावर चुना लावलेले दगड रोवले आणि विहीर, गोठा, घर अशा प्रत्येक गोष्टीवर डांबरानं एकेक नंबर घातला. विहिरीचा नंबर कठड्यावर होता, घराचा दारावर. पुढे ती जमीन कारखान्यांसाठी गेली.

मी आत्याकडे वाढलो. मळा सोडताना आतोबांनी घरातलं जे सुटं होईल ते बैलगाडीत घातलं : कौलं, वासे आणि चौकटीसकट दार. आमच्या भागातली ती रीतच होती. माती तिथेच सोडायची, लाकूड बरोबर न्यायचं. चिखलीच्या रस्त्याला, गायरानाच्या कडेला, अशाच उठलेल्या घरांची वस्ती झाली आणि तिथे ते दार पुन्हा उभं राहिलं. डांबर काही केल्या निघेना, म्हणून आतोबांनी फळी उलटी बसवली. नंबर आत आला. दार लावलं की चुलीपुढे बसलेल्या आत्याच्या तो समोर असे.

ही वस्ती कुणाची, हे बरीच वर्षं कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. तलाठ्याच्या लेखी ती जुन्या गावात मोडत होती. ग्रामपंचायत म्हणे, गायरानावरची घरं आमची नव्हेत. कारखाने वाढले तसे मराठवाड्यातून, कोकणातून भाडेकरू आले आणि जुन्या माणसांपेक्षा नवी जास्त झाली. मग पलीकडची गावं मिळून नगरपालिका झाली. तिची हद्द ओढ्यापर्यंत की रस्त्यापर्यंत, यावर पिठाच्या गिरणीपाशी रोज वाद होऊ लागले. हद्द, कब्जा, जप्ती, मामलेदार. आमच्या मुलखात फारशी भाषा कुणी कधी ऐकली नव्हती, पण सरकारची धास्ती सगळी फारशीतून आलेल्या शब्दांत बोलली जाई.

आतोबा वारले. मी पुण्याच्या एका दैनिकात लागलो. दुपारी निघायचो ते रात्री परतायचो. आत्या दिवसभर एकटी असे. तिची चिंता एकच होती.

"तू हापिसात आसशील आन् ते घर उठवाया येतील. मी एकली काय काय उचलू?"

एकाहत्तरच्या खानेसुमारीआधी घरांना नंबर देण्याचं काम निघालं. प्राथमिक शाळेतले एक गुरुजी गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन वस्तीत आले. आत्या पाण्याला गेली होती. परतली तो दारावर, बाहेरच्या अंगाला, नंबर. तिनं हंडा खाली ठेवला, पोतेरं भिजवलं आणि नंबर पुसून टाकला. संध्याकाळपर्यंत आमच्या ओळीतली सगळी दारं पुसली गेली होती.

गुरुजी पुन्हा आले त्या दिवशी माझी सुट्टी होती.

"मावशी, नंबर कुठे गेला?"

"म्या पुसला."

"अहो, ही नुसती शिरगणती आहे. माणसं मोजायची, बाकी काही नाही."

"मागल्या टायमालाबी नुसती मोजणीच व्हती, गुरुजी. आत या, दावते."

गुरुजी आत आले. आत्यानं दार लोटलं. डांबर अजून काळंभोर होतं.

"हा कुठला?"

"मळ्यातला. आता तिथं कंपनीचं सायकल स्टँड हाय."

बाहेर शेजारचा भाडेकरू उभा होता. तो बीडकडचा, दुसऱ्या शिफ्टला जाणारा. तो म्हणाला, "टाकू द्या की नंबर, आत्याबाई. न मोजलेल्या माणसाला नळ कोण देणार?"

"तुला काय जातंय? तू पेटी उचलशील आन् चालू लागशील."

"तुमचंच अवघड आहे. दाराला आतून नंबर, बाहेरून नंबर. यष्टी समजून कुणी तरी चढायचं बघा."

ओळीतल्या बायका हसल्या. आत्या हसली नाही.

गुरुजी माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरात आहात. तुम्हीच समजावा."

मी मामलेदार कचेरीत चौकशी केली होती. सांगण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, त्या दोन्ही सांगितल्या. खानेसुमारीत दिलेली माहिती घर उठवायला वापरता येत नाही, तसा कायदा आहे. गायरानाचं पुढे काय होणार, हे मात्र कुणालाच माहीत नाही.

"म्हंजी तुलाबी ठावं न्हाई."

"नाही."

गुरुजी म्हणाले, "सगळी ओळ तुमच्याकडे बघतेय, मावशी. ओळ मोजायची राहिली तर इथे कुणी राहतच नव्हतं, असं उद्या कुणीही म्हणेल."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली. नंबर असला तर घर जाईल, ही भीती जुनी होती. नंबर नसला तरी जाईल, ही आत्ताची. गुरुजींनी डब्यातला गेरू उगाचच ढवळला.

"टाका," ती उठून म्हणाली. "पर दारावर न्हाई. भितीवर."

"दारावर टाकायची पद्धत आहे, मावशी."

"भित काय मला नेता यायची न्हाई. तिच्यावर काय लिवायचं ते लिवा. दार माजं हाय. ते माज्यासंगं येतंय."

गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि चौकटीशेजारी भिंतीवर नंबर काढला. मातीची भिंत गेरू पीत होती. त्यांना त्याच रेघांवरून पुन्हा कुंचला फिरवावा लागला. मग ओळीतल्या सगळ्यांनीच भिंती दाखवल्या.

ते गेल्यावर आत्या भाडेकरूला म्हणाली, "बिजागऱ्या गंजल्यात. तुज्या कंपनीत तेल आसंल की."

"आता चोरी करायला लावताय व्हय?"

"वाटीभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेलात भिजलेली चिंधी घेऊन आला. त्यानं बिजागऱ्या पुसल्या, दार दोनदा हलवून पाहिलं आणि ते बिजागऱ्यांतून उचलून काढायला हात घातला.

"बाजूला हो," आत्या म्हणाली. "ते येतील तवा तू शिफ्टला आसशील."

मी पुढे झालो, तर तिनं मलाही हातानंच थांबवलं. फळीखाली खांदा घालून तिनं दार वर रेटलं. ते एका बाजूला अडलं, मग निघालं. तिनं ते भिंतीला, नव्या नंबरशेजारी, टेकवलं आणि दम घेतला. उघड्या चौकटीतून थेट चूल दिसत होती. मग तिनं पदर खोचला आणि दार परत बसवायला घेतलं. त्याला जास्त वेळ लागला.